व्याह्यांच्या घरचा पाव

अख्ख्या मुळशी तालुक्यात पाव कळणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे आमचे घरमालक. दुर्दैव एवढंच, की पाव त्यांना चालत नाही. नोकरीपायी मी परभणीहून इकडे आलो आणि घोटावड्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहू लागलो, तेव्हा चालत होता. चालत होता कसला, पळत होता! सकाळी चहात पाव, दुपारी डोळा लागून उठले की पाव. घरात स्वतःच्या शेतातल्या इंद्रायणी तांदळाची पोती लागलेली, आणि हा गृहस्थ सातबाऱ्याचं निमित्त काढून पौडला जायचा तो तिथल्या बेकरीत भट्टीतून निघालेली गरम लादी समोर घेऊन बसायला. त्या बेकरीवाल्याशी गट्टी इतकी जमली, की मालकांनी आपली एकुलती एक लेक त्याच घरात दिली. सुपारी फुटली त्या दिवशी मला म्हणाले, "सायेब, लई झ्याक झालं. पोरगी बी सुखात आन् पाव बी घरचा!"

लग्नाला वर्ष होतं न होतं तोच मालकांच्या पोटाने दगा दिला. अंगावरचे कपडे लोंबायला लागले, गावातले सगळे काढे पिऊन झाले, आणि शेवटी मीच त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गहू बंद. चपाती, रवा, मैदा, बिस्किटं, सगळं बंद, आणि तेही जन्मभर. "रक्ताच्या नात्यात हे असू शकतं, मुलांनाही तपासून घ्या," एवढं ते बोलले मात्र, मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी माझा हात धरला. "सायेब, ह्ये आपल्या दोघांत ऱ्हायलं पायजे. व्याह्यांना कळलं तर म्हंतील, खोटीच्या घरातली पोर आमच्या गळ्यात बांधली. तिला जलमभर ऐकून घ्यावं लागंल." मी परोपरीने सांगितलं, अहो, हा आजार आहे, खोट कसली? पण आमचे मालक एकदा हटून बसले की बैल बरा. घरात बायकोलासुद्धा 'डाक्टरनं चपाती बंद केलीया' एवढंच सांगितलं.

आता व्याह्यांकडे गेलं की समोर पाव येणार, आणि व्याह्यांच्या घरचं खाणं नाकारणं म्हणजे सोयरीक मोडल्यासारखंच. मालकांनी तोडगा काढला. हुबेहूब पावासारखा दिसणारा बिनगव्हाचा पाव शोधायचा, खिशातून न्यायचा आणि ताटात गुपचूप अदलाबदल करायची. हिंजवडीच्या मॉलमध्ये ते मला प्रत्येक पाकिटावरचं इंग्रजी मोठ्याने वाचायला लावत, आणि आजूबाजूचे संगणकवाले आमच्याकडे टकामका बघत. पाव घरी आला की आधी अंगठ्याने दाबायचा, मग तोडायचा, मग चहात बुडवायचा. दाबला तर उठत नसे, तोडला तर भुगा, आणि बुडवला तर बशीत गाळ. एकदा बंगळूरहून मी जिवापाड जपून एक लोफ आणला. मालकांनी तो हातात तोलला आणि म्हणाले, "इमानातनं आला म्हून मान राखायचा. न्हाईतर ह्यी बांधावरची ढेकूळ हाय."

प्रवासात तर विचारू नका. कोल्हापूरला दर्शनाला निघालो, तर दर ढाब्यावर गाडी थांबवून चौकशी. "बिनगव्हाचा पाव हाय का?" एक ढाबेवाला छातीठोकपणे म्हणाला, "आमच्याकडे गव्हाचा नसतोच काका, सगळा मैद्याचा! बिनधास्त खावा." मालकांनी कपाळावर हात मारला. "आरं लेकरा, मैदा काय झाडाला लागतो व्हय?" शेवटी कोल्हापूर गाठेपर्यंत त्यांनी शेंगदाणे आणि केळी खाल्ली, आणि तोंड मात्र दिवसभर पाडून ठेवलं.

मनासारखा पाव त्यांना एकदाच भेटला, तोही घराजवळ. धरणाकाठच्या एका रिसॉर्टला ते तांदूळ घालत. तिथल्या कुठल्याशा पहाडी आचाऱ्याने परदेशी पाहुण्यांसाठी बिनगव्हाचा पाव भाजला होता, त्यातला तुकडा मालकांना मिळाला. मऊ होता, तुटताना लांबत होता, चहात टिकत होता. संध्याकाळी जिना चढून माझ्याकडे आले ते डोळे पुसतच. "घावला, सायेब! ह्यो व्याह्यांच्या ताटात खपंल!" पुढच्या खेपेला गेले तर आचारी नोकरी सोडून गेलेला. नवा म्हणाला, असलं काही आपल्याला येत नाही.

मग आला नातीचा पहिला वाढदिवस. व्याह्यांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी आपल्या हाताने पाव भाजले होते. मालकांनी मॉलमधला पाव कात्रीने गोल कापून नेला होता. अदलाबदल झाली, कुणाला पत्ता लागला नाही. पण खिशातल्या खऱ्या पावाचं करायचं काय? ते हळूच मागच्या दाराने गेले आणि तो कुत्र्याला घातला. वळून बघतात तो दारात व्याही उभे! व्याही ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "आमच्या हातचं एवढं वंगाळ लागलं का, व्याही?" तेव्हा तरी खरं बोलायचं की नाही? मालक म्हणाले, "न्हाई वो, प्वाट भरलं व्हतं."

येणंजाणं आटलं. लेक माहेराला येईनाशी झाली. मी कितीदा म्हटलं, मालक, जाऊन सांगून टाका. ते म्हणत, "आता तर आजूनच सांगता येत न्हाई." आणि एक दिवस लेकीचा फोन आला. नातीच्या अंगी खाल्लेलं लागत नाही. हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं नगाऱ्यागत. नजर काढून झाली, दृष्टमणी बांधून झाला. बेकरीवाले आजोबा रोज आपल्या हाताने तिला दूध-पाव भरवत होते, पाव खाऊन बाळसं धरेल म्हणून.

मालक अनवाणीच जिना चढून आले. "गाडी काढा." तसेच पौडला गेलो. बेकरीत गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत त्यांनी सगळं सांगितलं: दुखणं, खिशातला पाव, कुत्रा. व्याही खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "कुत्र्याला घातलात त्याचा राग व्हता मला. पर व्याही, मी माझ्याच हातानं पोरीला रोज त्येच भरवत व्हतो. आदी सांगायचं न्हाई व्हय?"

डॉक्टरांनी नातीचंही तेच निदान केलं. आता पोर बरी आहे, तांदळाच्या भाकरीवर छान बाळसं धरलंय, आणि अंगणभर कोंबड्यांना पळवते. पाव तिला आठवतही नाही. व्याहीसुद्धा येतात, रीतीने बोलतात, चहा घेतात. पण भट्टीपाशी बसून दोघांनी हसायचं ते गेलं, ते काही परत आलं नाही. मला त्याची फार हळहळ वाटते.

परवा पिरंगुटला एका लग्नात आम्ही पंगतीला बसलो होतो. नात मालकांच्या मांडीवर. वाढपी पुऱ्यांची परात घेऊन आला तसे मालक ताठ झाले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला गहू चालत न्हाई! माझ्या नातीला बी चालत न्हाई. आमच्या रक्तातच हाय त्ये!" एवढं बोलून ते लोकांकडे बघत राहिले. शेजारचा म्हातारा जिलबी चावत होता, तो चावतच राहिला. वाढप्याने परात दुसऱ्या हातावर घेतली. "बरं. मग भात वाढू?"

त्याने भात वाढला आणि तो पुढे गेला. मालकांनी पहिला घास नातीला भरवला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "सायेब, एवढंच व्हतं व्हय?"