सात इंची क्रँक

माझी धाकटी बहीण माझ्यापेक्षा चार बोटं उंच होती, आणि ही गोष्ट मी सोडून सगळ्या गल्लीला आवडायची. मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातून घेतला आणि चौकशी केली ती तिची. "ही कितवीला?" मी हसले. आतून जळून खाक झाले होते.

सत्तर-एकाहत्तर साल असेल. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एका नर्सबाईंची जुनी विलायती लेडीज सायकल माझ्यासाठी आणली. सायकल देखणी, पण पायडल ज्या दांड्यांना बसतं ते दोन्ही क्रँक वाकलेले. विजापूर वेशीजवळ सायकली दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांच्याकडे जुन्या सामानात दोन जोड निघाले, एक साडेसहा इंची आणि एक सात इंची.

"पाय बघून बसवायचं," ते म्हणाले. "आखूड पायाला लांब क्रँक दिला की गुडघा बोलतोय."

मुलीच्या पायाला टेप लावायचा नाही, ही त्यांची रीत. दुकानाच्या चौकटीला पाठ टेकून उभं राहायचं, कमरेच्या हाडावर आपलंच बोट ठेवायचं, मग ते बोटाशेजारी खडूनं रेघ मारायचे. धाकटी उगीच सोबत आली होती. "माझं पण घ्या की, चाचा," म्हणत तीच आधी उभी राहिली.

"हिला सात लागंल," चाचा म्हणाले, आणि अण्णा कौतुकानं हसले.

नोकरी माझी, सायकल माझी, आणि कौतुक हिचं. मी चौकटीला टेकले आणि पायघोळ पातळाच्या आत हळूच टाचा उचलल्या.

"टाचा टेकल्यात नव्हं, बेटी?"

"टेकल्यात की."

माझी रेघ तिच्या रेघेला जाऊन चिकटली. सात इंची बसला.

अर्धा इंच म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर कळलं. खाली पाय पुरेना म्हणून सीट उतरवली, तर वर येताना गुडघा पोटापर्यंत यायचा. महिन्याभरात गुडघे असे धरले की फळ्यासमोर उभं राहवेना. पण चाचांकडे जायचं म्हणजे टाचांचं कबूल करायचं. "मी बसनंच जाईन," असं सांगून मोकळी झाले, आणि सायकल कॉलेजला जायला धाकटीला मिळाली. मी बसच्या रांगेत उभी असायचे, ती घंटी वाजवत समोरून जायची, आणि हिचं टायर पंक्चर होऊ दे असं मी देवाला सांगायचे. खोटं कशाला बोलू, रोज सांगायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा माझी बस चुकली. "घेऊन जा की, ताई. मला आज उशिरा तास आहे," धाकटी म्हणाली. नाइलाजानं सीट खाली करून बसले. पाय सहज फिरले. गुडघा कुठंच अडला नाही. शाळा सुटल्यावर तडक चाचांकडे गेले.

"क्रँक बदलला की," चाचा म्हणाले. "धाकटीच आली हुती घेऊन. म्हणली, साडेसहा बसवा, ताईनं त्या दिवशी टाचा उचलल्या हुत्या."

म्हणजे तिनं पाहिलं होतं. आणि कधीतरी मी सायकल मागेन म्हणून एवढ्या लांब पायांनी आखूड क्रँक मारत होती.

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग. "परत सातच बसवा," मी म्हटलं.

चाचांनी हातातला पाना खाली ठेवला. "बसवतो. आधी टाचा टेकून उभी राहा."

मी उभी राहिले. रेघ मारून ते बाजूला झाले. मी मागं वळून रेघ बघितली नाही, सायकल तशीच घेऊन घरी आले.

धाकटीला यातलं काही बोलले नाही, आजवर नाही. उंचीचा हेवा त्या दिवशी संपला आणि त्याहून वाईट हेवा मागे लागला. माझ्या उचललेल्या टाचा तिनं पाहिल्या आणि अण्णांसमोर अवाक्षर काढलं नाही. तिच्या जागी मी असते तर तिथंच, भर दुकानात, सांगून टाकलं असतं.