कुणी विचारलं तर अडीच

जगात एकसारख्या दोन वस्तू असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी तुळजापुरात येऊन एकदा आमच्या बांगडीवाल्या चाचांसमोर हात पुढे करावा. एकाच कारखान्यातून, एकाच डबीतून आलेल्या डझनभर हिरव्या बांगड्यांतल्या सहा ते तुमच्यासाठी निवडतील, आणि उरलेल्या सहा तुमच्या का नव्हेत हे इतक्या कळकळीने समजावतील की तुम्हाला त्या बिचाऱ्या सहांचा रागच यावा. चाचा माझे नात्याने कोणी नाहीत. माझ्या आईच्या हातात बांगड्या भरायचे, म्हणून पुढे माझ्याही हातात भरू लागले, एवढाच धागा. पण माझ्या बारशाच्या मनगट्यासुद्धा त्यांनीच दिल्या होत्या, त्यामुळे माझा हात ते माझ्याहून जास्त ओळखतात असं त्यांचं म्हणणं असतं आणि मी ते कधी खोडून काढलेलं नाही.

एकदा बोललेलं वाक्य पुन्हा वापरायचं नाही, हा चाचांचा बाणा. 'या ताई, बसा ताई, नवा माल आलाय ताई' ही दुकानदारी त्यांना पाहुण्याला शिळं वाढल्यासारखी वाटते. सोलापूरहून बस भरून बायका उतरल्या की प्रत्येकीचं स्वागत वेगळं आणि प्रत्येकीच्या बांगडीचं वर्णनही वेगळं. एकदा बेंबळीच्या दोन जावा आल्या. दोघींनी एकाच डबीतल्या हिरव्या बांगड्या घेतल्या. थोरलीला चाचा म्हणाले, "ही जवारीच्या पानावानी हाय, डोळ्याला थंड." धाकटीला म्हणाले, "ही लिंबाच्या कवळ्या पाल्याची. उन्हात धरून बघा कशी खुलती." दोघी पायऱ्या उतरल्या आणि रस्त्यातच जुंपली. धाकटीला ज्वारीची हवी होती आणि थोरलीला वाटलं, आपल्याला जून पान देऊन हिला कोवळा पाला दिला. दोघी परत वर आल्या. चाचांनी गंभीर चेहऱ्याने बांगड्या उतरवल्या, अदलाबदल करून पुन्हा भरल्या, आणि दोघी जिंकल्यासारख्या गेल्या. मी हसू दाबत म्हटलं, "चाचा, सगळ्या सारख्याच होत्या की!" तर म्हणाले, "सारख्या? हातात गेल्यावर सारख्या ऱ्हातात व्हय?"

हात पुढे आला की चाचा मनगटाकडे बघतच नाहीत. अंगठ्याच्या बुडाशी बोट दाबतात आणि विचारतात, "भाकरी का चपाती?" त्यांच्या हिशेबी बायकांच्या जाती दोनच, थापणाऱ्या आणि लाटणाऱ्या. भाकरी थापून थापून अंगठ्याचं बूड रुंद होतं आणि बांगडी नेमकी तिथेच अडते, असा त्यांचा सिद्धांत. पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "आमच्याकडे स्वयंपाकाला बाई आहे." चाचांनी हात सोडला. "मग तिला घिऊन या," म्हणाले. बाई रागावल्या नाहीत हे आमचं नशीब.

या सिद्धांताचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे माझी आई. देवळाच्या वाटेवर तिची खानावळ होती आणि दोन्ही वेळा भाकऱ्यांची चळत तिच्या हातांखालून जायची. हात मोठा, आणि त्याची तिला लाज. आधी आधी म्हणे लग्नघरी बायका हातात हात घेऊन बसल्या की ही पदराखाली लपवायची. दुसऱ्या दुकानांत तिला तोंडावर सांगायचे, "मावशी, येवढ्या मापाची येत न्हाय." बांगडीची मापं तशी सोपी असतात. लहान मुलींना दोन इंच, बारीक हाताला सव्वादोन, भरल्या हाताला अडीच, आणि त्याच्यावर पावणेतीन, जी सहसा कोणी ठेवत नाही. चाचांकडे मात्र तिच्या हाताच्या हिरव्या बांगड्या बाराही महिने असायच्या. "माझा हात अडीचचा हाय," आई येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची, "लोक उगं मोठा मोठा करत्यात." आई अहेवपणी गेली. शेवटच्या दिवशीही तिच्या हातात चाचांकडच्याच बांगड्या होत्या.

अलीकडे चाचांचे हात थरथरतात. गेल्या साली एका नव्या नवरीच्या हाताला काच लागली, टिपूसभर रक्त आलं. तिने हसण्यावारी नेलं, पण त्या दिवसापासून चाचांनी बांगडी भरणं सोडलं. आता ते गादीवर बसून बोलतात आणि भरते त्यांची सून, नसरीन. त्यात भाविकांच्या येण्याजाण्याची वाट बदलली आणि गल्ली ओस पडली. शेजारच्या लॉजवाल्याला दुकानाच्या जागेत आपलं ऑफिस थाटायचं होतं. चाचांच्या मुलाचं पुण्याला जायचं ठरत आलं होतं. "अब्बा, काय ठिवलंय आता हितं?" असं तो रोज विचारायचा, आणि कुठल्याही प्रश्नाला रोज नवं उत्तर देणारे चाचा या एका प्रश्नाला नुसत्या डब्या पुसत बसायचे. ते बघवत नसे. शेवटी नसरीनने दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली. ऑनलाइन दुकान उघडते, चाललं तर राहू, नाहीतर लॉजवाल्याला खुशाल हो म्हणा.

नसरीन कामाला वाघ. तिने प्रत्येक रंगाच्या प्रत्येक मापाच्या बांगडीचा फोटो काढला आणि प्रत्येकीला वेगळं पान दिलं. वर्णन लिहायची वेळ आली तेव्हा, जिथून माल येतो त्या ठोक व्यापाऱ्याच्या साइटवरच्या दोन ओळी उचलल्या आणि सगळ्या पानांवर चिकटवल्या. 'उत्तम दर्जाची आकर्षक काचेची बांगडी. सर्व समारंभांसाठी योग्य.' श्रावण सरला, गणपती गेले, एक ऑर्डर येईना. ऑर्डर राहू दे, शोधून दुकान सापडेना. मीही मोबाईलवर हिरव्या बांगड्या शोधून बोटं झिजवली. जगभरच्या बांगड्या दिसल्या, चाचांची एक नाही.

नसरीनची एक मैत्रीण सोलापूरला साइट बनवायचं काम करते. तिला फोन लावून नसरीनने स्पीकर सुरू केला. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझी सगळी पानं शब्दन्‌शब्द सारखी आहेत. सर्चला वाटतं, एकच वस्तू शंभरदा मांडलीय. ते एखादं पान ठेवतं आणि बाकीची बाजूला सारतं. त्यात हेच शब्द त्या व्यापाऱ्याच्या साइटवर आधीपासून आहेत. मग तुझं कशाला पुढं करेल?"

चाचा गादीवरून अर्धे उठले. "म्हंजे त्या मशीनलाबी शिळं चालत न्हाय?"

"नाही चालत, चाचा."

"लई शानी मशीन हाय," चाचा म्हणाले. आयुष्यभर एकट्याने लावून धरलेल्या गोष्टीला असा पाठीराखा मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं. तोवर मोबाईलला ते डबडं म्हणायचे. त्या दिवसापासून त्याला पाय लागला तर नमस्कार करू लागले.

मग असं ठरलं की चाचांनी सांगायचं, मी लिहायचं आणि नसरीनने पानावर चढवायचं. मी शाळेत मराठी शिकवते, शाळा सुटली की थेट दुकानात. लाल सव्वादोनला चाचांनी सांगितलं, "बारीक हाताच्या पन तोंडानं खमक्या बाईसाठी. आधी बांगडी ऐकू यील, मग बाई." जांभळीला, "जरा रुसलेली दिसती. हातात गेली की बोलाया लागती." पिवळीला, "हळदीला घाला. उगंच घातली तर सासू इचारंल, आज काय हाय म्हनून." आणि एका राणी रंगाच्या जाड बांगडीला, "भांडणाच्या दिवशी घालू नये. लई वाजती, समोरचं मानूस काय बोललं ते कळत न्हाय."

"अब्बा, असलं वाचून कोण घील?" नसरीन म्हणाली.

"जिला ऐकायचंच न्हाय, ती घील."

निम्मी पानं झाली आणि घरात वेगळीच ठिणगी पडली. मैत्रिणीने आणखी एक सांगितलं होतं. एकाच बांगडीच्या चार मापांना चार पानं नकोत. पान एकच ठेवायचं आणि त्यात माप निवडायची सोय करायची, नाहीतर आपलीच पानं आपल्याच पानांच्या आड येतात. चाचा उसळले. "माप येगळं म्हंजे हात येगळा. हात येगळा म्हंजे बाई येगळी. चार बाया एका खुर्चीत बसवतीस व्हय?" नसरीनही त्यांचीच सून. म्हणाली, "अब्बा, चारी खुर्च्या रिकाम्या ऱ्हान्यापरीस एकीवर कुनी बसलेलं बरं." चाचांनी अबोला धरला. तो चहापर्यंत टिकला, कारण चहा कसा झालाय हे नव्या शब्दांत सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. मी मध्ये पडले. म्हटलं, "चाचा, रेशनकार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं असतात, पण कुटुंबप्रमुख एकच. म्हणून बाकीचे नाहीसे होतात का?" हे पटलं. फक्त प्रत्येक कुटुंबाचा प्रमुख आपण निवडणार, ही अट त्यांनी घातली, आणि प्रत्येक पानावर सर्वांत मोठ्या मापाच्या बांगडीचा फोटो लावून घेतला. खरं सांगायचं तर नसरीनचंच बरोबर निघालं. पानं एकत्र केल्यावर त्यातली एकदोन शोधताना दिसायला लागली. चाचांनी ते श्रेय मशीनला दिलं.

एक पान मात्र त्यांनी कुठल्याच कुटुंबात घालू दिलं नाही. हिरवी, पावणेतीन.

"अब्बा, हे माप कुनी मागतबी न्हाय," नसरीन म्हणाली. "हिरव्याच्या पानात टाकते, न्हायतर काढूनच टाकते."

"ते येगळंच ऱ्हाऊ दे."

"पन का?"

 चाचा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिच्या आईचं हाय ते."

"चाचा, आईचा हात अडीचचा होता," मी म्हटलं.

"व्हय, अडीचचाच. म्याच सांगायचो तिला." मग सावकाश बोलू लागले. "लगीन होऊन नवीनच आलती. कुठल्यातरी दुकानात हात बघून हसले, तशी डोळे पुशीत हितं आली. म्हनलं, दाव बेटा हात. हा तर अडीचचा! त्या दुकानदाराला मापं कळत न्हायती. मग पावणेतीनच्या मागवायचो आन अडीचच्या डबीत भरून ठिवायचो. तिच्यादेखत त्या डबीतनं काढायचो."

मला आधी हसू आलं आणि मग रडू आवरेना. माझी आई, जी पैशात कुणाला फसली नाही, भाजीवालीला फसली नाही, ती या एका माणसाला आयुष्यभर फसली होती आणि त्या जोरावर चारचौघींत हात काढून बसायला शिकली होती. नसरीनने मला पाणी दिलं. पान काढायचं नाव तिने पुन्हा घेतलं नाही.

"लिही," चाचा म्हणाले. "रोज भाकरी थापनाऱ्या हातासाठी. कुनी मोठा म्हनलं तर ऐकू नका, घर भरलं की हातबी भरतो. माप पावणेतीन. कुनी इचारलं तर अडीच सांगा."

एरवी मी त्यांचं बोलणं लिहिताना थोडं शुद्ध करत असे. हे मात्र जसंच्या तसं ठेवलं.

घट बसले आणि पहिली ऑर्डर आली ती त्याच पानावर. विदर्भातल्या कुठल्याशा गावची बाई होती. तिने सोबत लिहिलं होतं, 'माझ्या हाताच्या बांगड्या शोधून थकले होते. तुमचं वाचून आधी हसले, मग रडले. दोन डझन पाठवा.' मग दुसरी आली, तिसरी आली. मोठ्या मापाच्या बांगड्या कोणी शोधल्या की चाचांचं पान समोर यायचं, कारण तसं पान दुसरीकडे कुठे नव्हतंच. आलेल्या बायका तिथून लाल, जांभळीकडे वळायच्या. त्या भांडणाच्या बांगडीला तर मागणी पुरेना. चाचा पार्सलांवर देखरेख करायचे. वरच्या कागदावर नसरीन माप खरं लिहायची, पावणेतीन. आतली डबी मात्र चाचांच्या हट्टाने अडीचची.

दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले तेव्हा चाचांचा मुलगा जमिनीवर बसून खोकी बांधत होता. पुण्याचं काय झालं, हे मी विचारलं नाही. लॉजवाल्याने आपलं ऑफिस मागच्या अंगाला काढलंय.

आता एकच गोष्ट मनाला लागते. चाचा हल्ली एखादं वाक्य दोनदा बोलतात. चहा घेताना काहीतरी छान सांगतात, आणि कप खाली ठेवायच्या आत तेच, त्याच शब्दांत, पुन्हा सांगतात. त्यांना ते कळत नाही. आम्ही दोघी दोन्ही वेळा पहिल्यांदा ऐकल्यासारखं हसतो. परवा गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "भाकरी का चपाती?" मी म्हटलं, "भाकरी." जरा वेळाने परत विचारलं, "भाकरी का चपाती?" मी म्हटलं, "भाकरी, चाचा."

नसरीनने माझा हात हातात घेतला. वयाबरोबर माझाही हात भरत चाललाय, बांगडी अंगठ्यापाशी अडली. तिने ती डबी गुपचूप खाली ठेवली, मागच्या फळीवरची दुसरी काढली, आणि बांगड्या अल्लाद वर गेल्या.

"कितीचं माप गं?" मी विचारलं.

तिने एकवार चाचांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते.

"अडीच," ती म्हणाली.

डबीवरही तेच लिहिलं होतं. मी हात लांब करून बांगड्या वाजवून बघितल्या, आई करायची तसं, आणि घरी आले.