प्लॅस्टिकआडचा जग्वार

नव्या फोनच्या पाठीवरचं प्लॅस्टिक मी पाच महिने काढलं नव्हतं. आमच्या घरात रिमोटला पिशवी, सोफ्याला खोळ. मग फोननेच काय घोडं मारलंय? कॅमेऱ्याचं भिंगही त्याच प्लॅस्टिकखाली आहे, हे काही या शहाण्या बाईच्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मी अडुसष्टची होते, म्हणजे तशी अल्लडच.

आमचे हे सदाशिव पेठेतल्या एका इस्पितळात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन. डॉक्टरांनी धीर दिला नव्हता, फक्त सही घेतली होती. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस. प्राणिसंग्रहालयात जग्वारचं पिल्लू आल्याचं पेपरात वाचून म्हणाले, "बिबट्याच्या अंगावर नुसती कडी असतात. याच्या कड्याच्या आत आणखी ठिपका असतो म्हणे. तेवढा बघायचा राहिला."

तो 'राहिला' काही मला ऐकवेना. तडक रिक्षा केली.

दोन तास ते पिल्लू ओंडक्यामागे झोपलेलं. शेपटीचं टोक तेवढं दिसे. फाटक बंद व्हायची वेळ आली. मी काचेला नाक लावून "ये रे बाळा, ये ना रे" करत होते, रडवेली होऊन.

"आजी, त्याला मराठी कळत नाही," मागून रखवालदार म्हणाला.

"मग तुम्ही सांगा त्याच्या भाषेत. माझ्याकडे आजचाच दिवस आहे."

तो शिट्टी मारायला आला होता. त्याने ती खिशात घातली आणि शेजारी उभा राहिला.

आणि ते उठलं. आळस देत थेट काचेशी आलं. कडं, कड्यात काळा ठिपका. मी या डोळ्यांनी पाहिला. पटापट बारा फोटो काढले. चष्मा डबडबलेला, त्यामुळे फोनवर काय उमटतंय ते दिसलंच नाही.

इस्पितळात ह्यांनी फोन नाकाशी धरला. पिवळा धूर. पुढचा फोटो, पिवळा धूर. बाराच्या बारा तसेच. कडंसुद्धा नाही, ठिपका कुठला!

"अहो, होता हो ठिपका, देवाशपथ होता," म्हणत मी त्यांच्या उशाशी हमसून हमसून रडले.

त्यांनी फोन उलटा केला. नखाने प्लॅस्टिकचा कोपरा उचलून पाहिला. मग माझ्याकडे बघत म्हणाले,

"तू पाहिलास ना ठिपका? मग झालं. आता हे सोलून टाक. उद्या मी परत आलो नाही, तर कोणासाठी नवा ठेवणार आहेस हा फोन?"