कोपऱ्यातली फुली

"मामा, आधी खाली बसा," किरण फोनवर म्हणाला. मी म्हटलं, बसलेलाच आहे, बोल तू. खरं तर उभा होतो, बुधवाऱ्याच्या बाजारात, किराणा दुकानापुढं. माझ्या पोरीला, वर्षाला, इंदूरच्या दवाखान्यातून सोडलं की हलकी खिचडीच द्यायची असं ठरलं होतं, म्हणून मुगाची डाळ बांधून घेत होतो. किरण माझा भाचा, तोच तिला गाडीत घालून घेऊन गेला होता. साधी कावीळ म्हणून गेली, आणि अकराव्या दिवशी हा फोन. मी सोबत गेलो नव्हतो. गुडघे दुखत होते... त्या गुडघ्यांचं पुढं सांगतो. डाळीची पुडी अजून तशीच बांधलेली आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. सारी उमर पावरलूमवर काढली, लिहिणं माझं काम नाही. पण तिच्या तेराव्याला आमच्या लोधीपुऱ्यातले लोक विचारत होते, "वर्षा कॉम्प्युटरवर काय करायची, टायपिंग का?" एकुलती एक पोरगी, बेचाळीस वर्षांची होऊन गेली, आणि शेजाऱ्याला माहीत नाही ती काय करायची. म्हणून लिहितो. मोबाईलवर तुम्ही काही बघत असता आणि मधेच एक डबा उसळून वर येतो ना... नक्की पुसायचं का, परवानगी देता का... आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मागचं काही हलत नाही. ते डबे माझी पोरगी बांधायची. एक डबा नीट बांधला की तोच मग शंभर ठिकाणी बसतो, नुसती आतली अक्षरं बदलतात. पुण्याच्या कंपनीत होती. सहा वर्षांपूर्वी तिची आई गेली तेव्हा पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आली आणि इथंच राहिली. कंपनीचं काम घरूनच करायला मागच्या खोलीत टेबल टाकलं, समोर शेजाऱ्याची भिंत, खिडकी उघडली तर पल्ला अर्ध्यातच भिंतीला लागतो. त्या खोलीत ती सहा वर्षं बसली.

डबा तयार झाला की आधी मला हाक. "आबा, या. हा बंद करून दाखवा." मी चिडायचो. इंग्रजी येत नाही, बोटं जाड, चष्मा जुना. ती म्हणायची, "म्हणूनच तर. तुमच्यासारखं वाईट गिऱ्हाईक मला पुण्यात कुठं मिळणार?" एकदा बंद करायची फुली एवढीशी होती, मुंगीच्या मिशीएवढी. मी म्हटलं, हे काय चावायला ठेवलंय का? तिनं तिथंच मोठी केली. त्यावरून तिच्या साहेबाशी वाजलं. साहेबाला फुली लहानच पाहिजे होती, लोकांनी लवकर बंद करू नये म्हणून. मी दारात उभं राहून ऐकलं. "नाही सर. माझ्या बापाला सापडत नाही ती. वाट न ठेवता डबा लावायचा तर उंदराचा पिंजरा लावा ना सरळ." शेवटी फुली मोठीच राहिली. त्या दिवशी मला चहा जास्त गोड लागला.

एक गोष्ट मला कधी पटली नाही. टॅब म्हणून एक बटण असतं, ते दाबत गेलं की पडद्यावर निळी चौकट या बटणावरून त्या बटणावर उडी मारते. डबा उघडा असला की ती चौकट बाहेर जाऊ द्यायची नाही, आतल्या आत गोल फिरवायची. मी म्हटलं, हा तर तुरुंग झाला. ती हसली नाही. "आबा, ज्यांना दिसत नाही ते या चौकटीवरच चालतात. ती डब्यामागं निसटली तर त्यांना कळणारच नाही आपण कुठं आहोत. म्हणून आत धरून ठेवायची. पण एस्केप दाबला की लगेच सुटका. धरायचं तर सोडायची वाट आधी बांधायची."

मग तिनंच विचारलं, डबा मिटल्यावर चौकट कुठं जावी? वर, पहिल्या बटणावर? मी म्हटलं, वेडी का तू? मागावर धागा तुटला की माग थांबतो. तुटला तिथंच जोडायचा आणि तिथूनच पुढं विणायचं. दुसरीकडून चालू केलं तर कापडात पट्टी पडते, मग धुवा नाहीतर रंगवा, ती जात नाही. नंतर पुण्याच्या मीटिंगमध्ये तिनं हेच सांगितलं, माझ्या नावानं. सारी उमर मालकाचं कापड विणलं, माझं नाव कशावर आलं नव्हतं.

आता गुडघ्यांचं. कंपनीनं तिला दोनदा बोलावलं, मोठी जागा देत होते, हाताखाली माणसं. ती म्हणायची, आबा, तुम्हीपण चला. मी म्हणायचो, तू जा, मी कुठं तुला धरून ठेवलंय? आणि गुडघे धरून बसायचो. गुडघे दुखत होते, खोटं नाही. पण तिची बॅग कपाटावरून खाली आली की जास्त दुखायचे. दोन्ही वेळा बॅग परत वर गेली. मग ती भांडी जोरात घासायची.

मागच्या होळीनंतर एका सकाळी हाक आली. "आबा, नवा डबा." बसलो. पडद्यावर 'विचारा' असं बटण होतं, ते दाबलं. डबा वर आला, मराठीत. 'आबा, पुण्याला चलता का?' खाली दोन बटणं. 'चलतो' आणि 'नंतर सांगतो'. 'नाही' कुठंच नव्हतं, आणि कोपऱ्यात फुलीपण नव्हती. मी एस्केप दाबून पाहिला, डबा जागचा हलेना. म्हटलं, फुली कुठाय? ती म्हणाली, "या एकाला ठेवली नाही." मला राग आला. "दुनियेला शिकवतेस वाट ठेवा म्हणून, आणि बापालाच पिंजरा?" तिनं काहीतरी टकटक केलं, आणि कोपऱ्यात फुली आली. मोठी, माझ्या बोटाला सापडेल अशी. "घ्या," म्हणाली. मी फुली दाबली. तिनं परत विचारलं नाही.

इंदूरला निघताना पिवळ्या डोळ्यांनी मला म्हणाली, "लॅपटॉप बंद नका करू, वायर लागलेली राहू द्या. दोन-चार दिवसांत येते." नदीच्या राजघाटावरून राख सोडून आलो तर खोलीत त्याचा बारीक दिवा चालूच. किरण म्हणाला, "मामा, बंद करून कपाटात ठेवतो." म्हटलं, हात लावशील तर बघ. तो मला जळगावला न्यायचं म्हणतो. लोक म्हणतात, शेवटपर्यंत बापाची सेवा केली, भाग्यवान तुम्ही. डबा तर मीच लावला होता तिच्यावर, आणि सोडायची वाट बांधली नव्हती.

रोज सकाळी चहा झाला की तिच्या खुर्चीवर बसतो. समोर भिंत. तिच्या आईचं नाव टाकलं की पडदा उघडतो. 'विचारा' दाबतो, डबा येतो, 'आबा, पुण्याला चलता का?' टॅबनं चौकट फिरवतो. 'चलतो', 'नंतर सांगतो', फुली, परत 'चलतो'. तिथं थांबतो आणि दाबतो. डबा मिटतो. पुढं काही होत नाही. पुढचं तिनं बांधलंच नव्हतं, मी फुली दाबल्यावर कशाला बांधेल... निळी चौकट मुकाट 'विचारा'च्या बटणावर येऊन थांबते, निघाली होती तिथंच. मी बोट उचलत नाही. परत दाबतो. ती परत विचारते.