गव्याच्या पायातले मोजे

बेळगावच्या आसपास जंगलं किती जवळ आहेत, हे मला नेहमी परगावचे लोक सांगतात. नकाशात ते खरं आहे. टिळकवाडीतल्या माझ्या घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरात राष्ट्रीय उद्यानं आहेत, अभयारण्यं आहेत. पण हे अंतर गाडी असलेल्या माणसाचं. माझ्याकडे स्कूटर आहे आणि लांबच्या प्रवासाला बस. बसचं अंतर किलोमीटरात मोजता येत नाही, ते स्टँडवर बसून मोजावं लागतं.

मी आधी खानापूरच्या बाजूला आणि मग दांडेलीच्या बाजूला, असा दोनदा बसने जाऊन आलो. पहिल्या वेळी जंगलाच्या तोंडाशी उतरलो, तर कंडक्टर म्हणाला की हीच गाडी आता वळून परत जाणार आणि पुढची उद्या. मी पुन्हा तिच्यातच चढलो. दुसऱ्या वेळी फाटकावर पोचेपर्यंत भर दुपार झाली. एक पाटी वाचली, दोन माकडं बघितली आणि परत आलो. ती माकडं बेळगावातही दिसली असती.

तिसऱ्यांदा हा उपद्व्याप करायचं मी आपणहून ठरवलं नसतं. ते आक्कामुळे झालं.

आक्का माझी थोरली बहीण. ती निपाणीला असते. भावजींचा तंबाखूचा व्यापार होता आणि त्या कामासाठी ते बसने राधानगरीवरून कोकणात उतरायचे. अशाच एका प्रवासात, घाट लागायच्या आधी, त्यांनी गवा बघितला. "एवढं काळंभोर जनावर आणि पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, मोजे घातल्यागत," हे ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगायचे. आक्काने जन्मभर म्हशी पाळलेल्या. ती तिथल्या तिथे म्हणायची, "म्हशीच्या जातीला मोजे घालतंय कोण? तुमची आई?" पंगत हसायची. भावजीही हसायचे आणि पुढच्या लग्नात पुन्हा तेच सांगायचे.

शेवटच्या आजारपणात एकदा ते तिला म्हणाले, "मोज्यांचं तेवढं तरी खरं मान की." ती म्हणाली, "आधी बरं व्हा, मग बघू." ते बरे झाले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी तिने मला फोन केला. "मला गवा बघायचाय." मी तिला मोबाईलवर फोटो पाठवले, पांढऱ्या पायांसकट. तिने परत फोन केला. "परवा ह्याच मोबाईलात सिंव्ह स्कूटर चालवताना बघितला मी. मला डोळ्यांनी बघायचाय." भाड्याची मोटार करू म्हटलं, तर म्हणाली, "ते बसनं गेलते. मी मोटारीनं जाऊन काय खरं-खोटं करू?"

यात आणखी एक गोष्ट होती. आम्ही जैन. आक्का सूर्य मावळायच्या आत जेवते, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळीच. बाहेरचं अन्न नाही, पाणी घरचं गाळलेलं. आणि भावजी गेल्यापासून तिने जेवताना मौन धरलं आहे. घास घेतल्यापासून शेवटचं पाणी पिईपर्यंत शब्द नाही, खूण नाही, हुंकारसुद्धा नाही. मधे बोलली किंवा उठली तर जेवण तिथेच संपलं. साखरेच्या गोळ्या चालू असताना तिने उपाशी राहणं मला परवडणारं नव्हतं. म्हणून मी हिशेब मांडला: पहाटेची निपाणी गाडी, तिथून आक्काला घेऊन मुदाळ तिट्टा, तिथून राधानगरी, तिथून घाटाकडे जाणारी. दुपारी जंगल, आणि दिवस मावळायच्या बऱ्याच आधी निपाणीत तिचं जेवण. कागदावर त्यात एकही चूक नव्हती.

निपाणी स्टँडवर ती डब्याची पिशवी घेऊन तयार होती. महाराष्ट्राच्या गाडीत कंडक्टरने तिकीट मागितलं तेव्हा तिने रोजच्या सवयीने आधार कार्ड काढलं; कर्नाटकात ते दाखवलं की बायकांना बस फुकट.

"ते तुमच्या कर्नाटकात चालतंय आक्का. हितं अर्धं."

"हद्द बदलली की मी अर्धीच बाई व्हय रं?"

सगळी गाडी हसली. मी माझं पूर्ण तिकीट काढलं, त्यावर कोणी काही बोललं नाही.

मुदाळ तिट्ट्याला पुढची गाडी वेळेवर आली नाही. चौकशीला कोणी नव्हतं. पानपट्टीवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "येईल." "कधी?" "आली म्हंजे दिसंल की." राधानगरीला पुन्हा तेच. स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फळ्यावर आमच्या गाडीची वेळ होती, पण फळ्यावर गाडी असणं आणि फलाटावर गाडी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आक्का बाकावर शांत बसली होती. चिडायचं काम मी एकटाच करत होतो.

"तू असा येरझाऱ्या घालून गाडी येणार हाय का?"

"नाही."

"मग बस की."

शेवटी आम्ही अभयारण्याच्या फाटकापाशी उतरलो तेव्हा माझ्या हिशेबाप्रमाणे आम्ही परत निघालेलो असायला हवं होतं. फाटकावरच्या माणसाने सांगितलं की चालत आत सोडत नाहीत, गाडी पाहिजे, आणि भाड्याच्या जिपा सकाळीच पर्यटक घेऊन गेल्या.

"आणि गवा?" आक्काने विचारलं.

"ह्या वक्ताला गवा कुठला? पहाटं या, न्हायतर सांजच्याला. मग रस्त्यावरबी दिसतंय."

मी विचारलं, "पहाटे इथे पोचणारी बस आहे?"

"न्हाय."

"मग संध्याकाळी गवा बघून परत जायला?"

"शेवटची गाडी हाय की. पण ती गव्याच्या आधी जाती."

त्या माणसावर चिडून उपयोग नव्हता. त्याने खरं तेच सांगितलं होतं.

आम्ही थांब्यावर आलो. थांबा म्हणजे रस्त्याच्या कडेचा एक दगड. रस्ता तिथे भरावावर होता आणि दगड खाली, माणसाच्या छातीइतक्या खोलात. शेवटच्या गाडीची वेळ झाली आणि गेली. ऊन झाडांच्या शेंड्यांवर चढलं. मी भावजींच्या गव्याबद्दल मनात बरंच काही बोललो. आक्काने एकदा सूर्याकडे बघितलं, दगडाशेजारी वर्तमानपत्र अंथरलं आणि डबा उघडला. भाकरी, मुगाची उसळ, शेंगांची चटणी. माझा डबा माझ्या हातात दिला, पहिला घास घेतला आणि गप्प झाली.

मला जेवण जाणार नव्हतं. मी भराव चढून रस्त्यावर गेलो, म्हणजे निदान बस आम्हाला न बघता निघून जाणार नाही.

आणि समोर गवा होता.

रस्त्याच्या पलीकडे, कमरेइतक्या झुडपात. खांद्याचा उंचवटा, वळलेली शिंगं, काळ्याहून काळं अंग. तो पाला ओरबाडत होता आणि माझी त्याला काही पर्वा नव्हती. पाय झुडपात गेलेले. मी खाली वाकून दबक्या आवाजात म्हणालो, "आक्का, गवा! वर ये!"

तिने मान वर केली. तिथून तिला फक्त मी आणि रस्त्याची कड दिसत असणार. उठली तर जेवण संपलं, आणि पुढ्यात जवळजवळ अख्खी भाकरी. तिने घास चावला. ना खूण, ना शब्द. मी पुन्हा म्हणालो, "अगं, मोजे बघायचेत ना!" ती भाकरी खाली ठेवून उठायला लागली, गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. आणि तेवढ्यात, दिवसभर ज्या बसचा पत्ता नव्हता, ती वळणावरून आली आणि बरोबर माझ्या आणि गव्याच्या मधे उभी राहिली.

"चला, चला!" कंडक्टर दारातून ओरडला. "हितं सांजचं गवं येत्यात, थांबू नका!"

मी म्हणालो, "आलाय! तुमच्या पलीकडे उभा आहे! जरा गाडी पुढे घ्या!"

"गाडी पुढं घेतली तर तुम्ही मागं ऱ्हाशीला. ही शेवटची हाय."

मी खाली वळलो. आक्का अर्धवट उठलेली तशीच वाकून थांबली होती, डोळे रस्त्याच्या पातळीला. मला वाटलं गुडघा धरला. ती मान तिरकी करून बसच्या खाली बघत होती. मग तिने पाणी प्यायलं, डबा बांधला, वर्तमानपत्राची घडी केली आणि माझा हात धरून भराव चढली. आम्ही गाडीत बसलो आणि मी धावत पलीकडच्या खिडकीशी गेलो. झुडूप हलत होतं. बाकी काही नव्हतं.

मी येऊन तिच्याशेजारी बसलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. बस, वेळापत्रक, कंडक्टर, तिचं मौन, सगळ्यांवर. पाव मिनिट आधी उठली असतीस तर, असंही म्हणालो. तिने ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" मग म्हणाली. "बसच्या खालनं बघितलं मी. आला हुता डांबरावर. चारी पाय."

मी तिच्याकडे वळलो.

"मोजेच की रं. गुडघ्यापातूर. आपल्या शाळेच्या पोरींचं आसत्यात तसं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. राधानगरीचे दिवे दिसायला लागले तेव्हा एकदम चिडून म्हणाली, "एवढं खरं हुतं, तर मला ठासून सांगायचं न्हाय? नुसतं हसत बसायचं!" आणि पदराने डोळे पुसले. मी कंडक्टरकडे बघत बसलो.

मुदाळ तिट्टा आला. उतरताना म्हणाली, "त्यांनी उडती खारबी बघितलेली म्हणायचे. ह्या झाडावरनं त्या झाडावर. त्यालाबी मी थापाच म्हनत हुते. ती कुठं दिसती रं?"

उडती खार अंधार पडल्याशिवाय बाहेर येत नाही, एवढं मला माहीत होतं. त्या रस्त्याला अंधारात कोणती गाडी असते, तेही आता कळलं होतं. मी पिशवी उचलली आणि निपाणी गाडीची चौकशी करायला पानपट्टीकडे गेलो.