काजळाची मिशी

सत्तर साल उलटून दोन-चार वर्षं झाली होती. मेहुण्याने त्याचा कॅमेरा चार महिने माझ्याकडे ठेवला होता. खटका ओढला की दहा सेकंदांनी आपोआप फोटो निघे. कॅमेऱ्यापासून खुर्ची बारा फुटांवर. मी टेपने मोजली होती. सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत रविवारी सकाळी दहानंतर चांगला उजेड येई. तेव्हा मी कापूस, पावडर, काजळ आणि उसने कपडे घेऊन दुसराच कुणीतरी होई. फौजदार झालो, पहिलवान झालो, जटाधारी साधू झालो. बाराच्या रोलमधले अकरा संपले. बारावी बाई.

बायकोने तिचं इरकली लुगडं मला नेसवलं, डोक्यावर पदर दिला आणि मागे सरून पाहिलं. "अहो, मिशीवाली बाई कुणी बघितलीय का?"

म्हणणं बरोबर होतं. मिशी काढली. लुगड्यात आठ पावलं धावून खुर्ची गाठली आणि शेवटच्या सेकंदाला लाजलो.

सोमवारी नेहमीसारखी टोपी घालून ऑफिसला गेलो. हेडक्लार्कनी माझ्या ओठाकडे पाहिलं आणि माझ्या फायली गुपचूप स्वतःच्या टेबलावर नेल्या. शिपायाने न सांगता चहा आणला. आमच्यात वडील गेल्यावरच मुलगा मुंडण करतो आणि मिशी काढतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रविवारी आठवलं नाही, एवढंच. टोपीखालचे केस कुणाला दिसत नव्हते. दुपारी लक्षात आलं तसा मी सगळ्यांना खुलासा केला. पण सकाळी ऑफिसात काही कामासाठी आलेला वडिलांच्या गावचा एकजण मला पाहून साडेअकराच्या एसटीने माळशिरसकडे निघून गेला होता.

मंगळवारी सकाळी वडील दारात उभे.

"लोकं माज्याच दारात रडाय आली! मी म्हनलं, आरं मी हितं बसलोय की!" त्यांनी माझे केस पाहिले, मग ओठ. "बाप जित्ता असताना मिशी का काढलीस? खरं सांग. न्हायतर ह्या घरात पाय ठेवनार न्हाय."

मला खोटं जमत नाही. सांगितलं.

"फोटू दाव."

फोटो अजून स्टुडिओतच होते. वडील ओट्यावर बसून राहिले. पाणीसुद्धा घेतलं नाही. मी स्टुडिओवाल्याच्या हातापाया पडलो आणि चार वाजता बारा फोटो त्यांच्या हातात दिले. साधूपाशी त्यांनी नकळत हात जोडले. बाराव्याशी थांबले.

"ही कुनाची बाई?"

"मामंजी, तुमचा मुलगाच तो," बायको दाराआडून म्हणाली.

त्यांनी फोटो दूर धरला, जवळ धरला. "लई लाजतीय की!" मग चपला काढल्या, आत आले आणि दोन तांबे पाणी प्याले.

"उद्या माजा काढ. तू शेजारी ऱ्हा. गावात दावतो, बाप बी हाय आन् पोराची मिशी बी हाय."

"मिशी यायला तीन आठवडे लागतील."

"मग सूनबाई काय करतीय?"

बुधवारी मी नवा रोल घातला. बायकोने वडिलांना समोर बसवलं आणि त्यांची मिशी बघून माझ्या ओठावर काजळाने उतरवली. मी आठ पावलं धावलो.

तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. पाहुणे म्हणतात, मिशी अगदी वडिलांवर गेलीय.