काल हिनं काय खाल्लं?

“काल हिनं काय खाल्लं?”

बंद पडलेलं कोणतंही यंत्र पुढ्यात आलं की मिस्त्री आधी हेच विचारायचे. त्यांची गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. आता गुडघे थकलेत, डोळे थकलेत आणि टाळण्याचाही कंटाळा आलाय.

पुसदजवळच्या धरणावर आमच्या सरकारी खात्याची जेट बोट होती आणि मी तिथला प्रमुख. ही बोट पोटातून पाणी ओढते, मागे जोरात फेकते आणि पुढे पळते. तिची वेगाची दांडी थेट इंजिनाला जोडलेली नसते. मधे एक इलेक्ट्रॉनिक डबा असतो. दांडी त्याला सांगते, तो इंजिनाला सांगतो. डबा रुसला की लाल दिवा लागतो, पडद्यावर बिघाडाचा आकडा येतो आणि बोट पाण्यातल्या म्हशीसारखी सुस्त होते.

मिस्त्रींचं पुसदला ट्रॅक्टरच्या वायरिंगचं दुकान; बोट रुसली की आम्ही त्यांनाच बोलवायचो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात कंगवा आणि तोंडात स्वतःची तारीफ. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. ते काही जादूगार नव्हते. आमच्या मिक्सरचं त्यांनी वाटोळं केलं आणि वर बायकोलाच म्हणाले, “वहिनी, तुमची चटणीच लय जाड!”

पण विचारल्याशिवाय स्क्रू काढायचे नाहीत. कोणी धुतलं का, वायर कोणी हलवली का, उंदीर दिसला का. मी एकदा वैतागलो तेव्हा म्हणाले, “मशीन फसवते साहेब. दुखणं एकीकडं, बोंब दुसरीकडं. माणसाले विचारलेलं बरं.”

त्या वर्षी नवरात्रात मी गावच्या दुर्गा मंडळाचा अध्यक्ष होतो. स्पीकरसाठी बॅटरी कमी पडली. बोट उभीच होती, म्हणून तिची काढून दिली. पोरांनी ती पार निपटून परत आणली. मी चार्ज करून गुपचूप बसवली. वरून ठणठणीत, पण भार पडला की ढेपाळायची.

दसऱ्यानंतर बोटीवर भलतेच आकडे यायला लागले. कधी दांडीचा दोष, कधी मागच्या झडपेचा. मिस्त्री आले. मीटर लावला, बॅटरी ठीक दिसली. तरी विचारलं, “बॅटरी तीच हाय ना? मधात कोणी काढली-गिढली तं नाही?”

माझी निवृत्ती जवळ आली होती.

“नाही. कोणी हात लावला नाही.”

“मंग झालं,” म्हणाले, आणि बॅटरी सोडून बाकी सगळं खोलत बसले.

यवतमाळहून मोठे साहेब बोट बघायला आले. धरणाच्या मध्यावर सगळे दिवे एकदम पेटले आणि इंजिन मेलं. मासेमारांनी दोर टाकून आम्हाला ओढत आणलं. “साहेब, वल्हं ठेवत जा ना संगं!” ते हसत होते. काठावर मिस्त्री उभे होते, हातात मीटर.

“हिला हात कोणी लावला होता?” साहेबांनी विचारलं.

“मिस्त्रींनी,” मी म्हणालो.

त्यांचं काम तिथंच बंद झालं. आठवड्यानं मी गुपचूप नवी बॅटरी बसवली आणि सगळे दिवे विझले. साहेब म्हणाले, “बघा, त्याचा हात निघाला आणि बोट सुधारली.” मी मान डोलावली.

पुसदला त्यांचं नाव ‘बोटबुडवे मिस्त्री’ पडलं. बोट बुडाली नव्हती, पण ट्रॅक्टर समोरच्या दुकानात जायला लागले. एकदा स्टँडवर भेटले आणि माझाच हात धरला. “माह्यीच नजर चुकली असंन साहेब. तुमाले उगाच बोलणं बसलं.”

निवृत्तीनंतर एकदा ठरवून दुकानात गेलो. एसटीत वाक्य घोकत होतो. मिस्त्री खंगले होते, शर्टाला इस्त्री नव्हती. माझा चेहरा बघून कंगवा खाली ठेवला.

“काय झालं साहेब? काल काय खाल्लं?”

“काही नाही. जरा पित्त.”

त्यांनी डबीतला ओवा माझ्या तळहातावर ठेवला. “चावून खा.” मी चावत बाहेर पडलो.

परत गेलो तेव्हा शटर बंद होतं. शेजारचा पानवाला म्हणाला, “मिस्त्री तं गेले ना काका. तुमाले मालूम नाही?”

वाक्य तोंडात तयार होतं. मिस्त्री, बॅटरी मी काढली होती. तुमची नजर चुकली नव्हती. मला माफ करा.